साधी आणि रबरवाली

खेळण्यांच्या दुकानात एकतीस वर्षं नोकरी केली असं सांगितलं की लोक म्हणतात, मजा होती तुमची. त्यांना वाटतं मी दिवसभर बाहुल्यांच्या वेण्या घालत बसत असेन. काउंटरवरच्या माणसाच्या वाट्याला खेळ सोडून बाकी सगळं येतं. हट्ट येतात, रडारड येते, काल नेलेलं आज मोडून आणणारे येतात. माझ्या वाट्याला त्यात धास्तीही आली. घरातून निघाल्यावर गॅस बंद केला का हे बघायला दोनदा जिना चढून जाणारी मी बाई, आणि देवानं मला नेमकं असं काम दिलं की ज्यात माझ्या एका शब्दावर मोठमोठी माणसं खूश व्हायची किंवा तोंड पाडून निघून जायची.

आमचं दुकान गुलमंडीवर, कापडाच्या दोन दुकानांच्या मध्ये चेंगरलेलं. समोरून बघाल तर दीड माणूस मावेल एवढं, आत मात्र लांबच लांब. बाहुल्या, बॅटी, पतंगाच्या दिवसांत मांजा असा सगळा माल असायचा. छोट्या धातूच्या मोटारी आम्ही दाराजवळच्या जाळीवर टांगत असू. पुठ्ठ्यावर गाडी, गाडीवर पारदर्शक प्लास्टिकचा फुगा. सुरुवातीला मी त्यांच्याकडे लक्षही देत नसे. मग एकदा टाय लावलेला एक गृहस्थ आला, त्यानं जाळीवरची एकूणएक गाडी काढून बघितली आणि घामाघूम होऊन विचारलं, "मागं अजून पेटी आहे का?" मी म्हटलं, "मुलगा केवढा आहे?" तर म्हणाला, "लग्न नाही झालं अजून."

असे मग वाढतच गेले. दातांचे एक डॉक्टर नेलेल्या गाड्या जेवणाच्या डब्यात घालून नेत, बायकोला कळू नये म्हणून. त्यांच्या वाढदिवसाला त्यांच्या पत्नी आल्या आणि "ह्यांना अशी एखादी गाडी आवडेल का हो?" म्हणून मलाच विचारू लागल्या. तेव्हा मी जी गडबडले, की त्यांना लुडोचा पट देऊन वाटेला लावलं. आणखी एक जण हवी असलेली गाडी बाहुल्यांच्या खोक्यामागे दडवून जायचा, दुसऱ्या दिवशी येऊन घ्यायला. मी रोज सकाळी बाहुल्या उचलून बघायची आणि गाडी मुकाट्यानं परत जाळीवर लावायची.

ही माणसं शोधत काय होती ते सांगते. कंपनी एकाच साच्यातून एकच गाडी दोन तऱ्हांनी काढते. नाव तेच, पुठ्ठा तोच, पुष्कळदा रंगही तोच. साध्या गाडीची चाकं कडक प्लास्टिकची. दुसरीला खऱ्या रबराचे टायर. साध्या गाडीचा रंग भिंतीला दिल्यासारखा सपाट, दुसरीच्या रंगाखालून धातू चमकतो. आणि तिच्या अंगावर कुठंतरी, दाराखाली म्हणा, मागच्या काचेजवळ म्हणा, तिळाएवढी खूण असते. दोन्ही एकाच किमतीला. पण ती दुसरी शंभर साध्या गाड्यांत सापडेल याचीसुद्धा खात्री नाही, आणि कुठल्या पेटीत असेल ते पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आमच्याकडे माल घेऊन येणारे हमीदभाई तिला "रबरवाली" म्हणत. त्यांच्यामुळे सगळेच तसं म्हणू लागले.

जिथं दुर्मिळ वस्तू, तिथं लबाडी आलीच. साध्या गाडीच्या बुडाचा खिळा पोखरून तिला दुसरीकडचे रबरी टायर बसवायचे, रंग चढवायचा आणि प्लास्टिकचा फुगा परत डिंकानं चिकटवायचा. मी पुठ्ठा ट्यूबलाइटसमोर आडवा धरून डिंकाची रेघ बघत असे. गाडी सुटी असेल तर ती काउंटरच्या काचेवरून ढकलून कान देत असे. प्लास्टिकची चाकं खडखडत जातात, रबरी टायर आवाज करत नाहीत. हे मला कुणी शिकवलं नाही, हजारो गाड्या हाताखालून गेल्या म्हणून आलं. रविवारी सकाळी ही मंडळी दुकानात जमून आपसात अदलाबदल करत, आणि शेवटचा शब्द माझा असे. साडी नेसलेली, चष्म्यावर आणखी एक भिंग धरलेली बाई "खरी" म्हणाली की इंजिनियर लोक माना डोलावत. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

पण बरं वाटणं दुपारच्या जेवणापर्यंतच टिकायचं. मग डोक्यात भुंगा, आपण नीट बघितलं ना? एकदा नव्हतं बघितलं. शाळेत शिकवणाऱ्या एका सरांनी माझ्या शब्दावर आपल्या तीन आवडत्या गाड्या देऊन एक घेतली. पंधरा दिवसांनी त्यांनी ती उलटी करून माझ्यापुढे ठेवली. खिळा पोखरलेला स्पष्ट दिसत होता. सर रागावले नाहीत, म्हणाले, "असू द्या, होतं." पण ते परत दुकानात आले नाहीत. त्यांच्यासारखा माणूस रस्त्यात दिसला तरी मी अजून फूटपाथ बदलते.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ती गोष्ट.

अमोल आमचा रविवारचा नेमाचा पोरगा. पोरगा म्हणते, पण अठ्ठावीस-तीसचा असेल. घर मूळचं पिशोरचं, तिथं थोरला भाऊ शेती बघतो. हा इथं कंपनीत कामाला, गारखेड्यात दोन खोल्या घेऊन राहायचा आणि आई त्याच्यासोबत असायची. कमी बोलणारा, पण नीटनेटका. गाडी घेताना पुठ्ठ्याचे चारही कोपरे बघायचा, एखादा कोपरा दबला असेल तर दुसरी मागायचा. एका दिवाळीत हमीदभाईंच्या पेटीतून मला मोरपंखी रंगाची एक पिकअप सापडली, रबरवाली. मी ती पदराखाली धरून आत नेली आणि अमोलसाठी ठेवली. त्यानं ती हातात घेतली आणि भर दुकानात माझ्या पाया पडला. त्याच्या घरी सगळ्या गाड्या भिंतीला टांगलेल्या असत, ही त्यानं मधोमध लावली.

पुढच्या दसऱ्यानंतर दोन-तीन दिवसांनी दुपारी एक नऊवारीतली बाई दुकानात आली. हातात आमच्याच दुकानाची पिशवी. गिऱ्हाईक होतं तोवर बाहुल्यांकडे बघत एका बाजूला उभी राहिली. दुकान रिकामं झाल्यावर पुढे येऊन म्हणाली, "ताई, मी अमोलची माय. गयाबाई. अशीच एक गाडी पाह्यजे." आणि पिशवीतून गाडी काढून काउंटरवर ठेवली.

मोरपंखी पिकअप. प्लास्टिकचा फुगा कात्रीनं कापलेला, गाडी बाहेर. टपावर कुंकवाचा डाग आणि त्याच्याभोवती घासल्याच्या बारीक रेघा. रबरी टायर हळदीनं पिवळे.

अमोल कामासाठी पंधरा दिवस चेन्नईला गेला होता. खंडेनवमीला गयाबाईंनी त्याच्या मोटारसायकलची पूजा केली. मग त्यांच्या मनात आलं, पोरगं ज्यांच्यावर एवढा जीव लावतं त्या गाड्यांना कोण कुंकू लावणार? प्लास्टिकवर कुंकू लावलं तर ते गाडीला लागलं कसं म्हणायचं?

"समद्या नाय फोडल्या ताई," त्या म्हणाल्या. "येकच फोडली. मधली, मानाची. म्हणलं हिला लावलं म्हंजे समद्याइला लागलं. अन् पुठ्ठ्याला हात नाय लावला बरं का. पुठ्ठा बघा तुमी, हाय तसा हाय."

पुठ्ठा खरंच हाय तसा होता. कात्री त्यांनी इतक्या जपून चालवली होती की कोपरा न् कोपरा शाबूत. हे पुठ्ठ्याचं त्या तीनदा बोलल्या. मला तेव्हा उलगडा झाला नाही.

कुंकू तेलात कालवलेलं होतं. ते निघेना म्हणून त्यांनी भांडी घासायच्या काथ्यानं घासलं आणि रंगावर रेघा पडल्या. मग चिकटपट्टी लावून बघितली, ती दिसायला लागली. तेव्हा कुठं त्यांना भीती वाटली.

"तो काय म्हणेल?" मी विचारलं.

"म्हणायचा नाय काई," गयाबाई म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मी त्यांना स्टुलावर बसवलं.

आमच्या जाळीवर तीच मोरपंखी पिकअप टांगलेली होती. साधी. नाव तेच, पुठ्ठा तोच. दहा हातांवरून बघाल तर जुळी बहीण. मी काय करतेय ते मला पुरतं कळत होतं. लोकांच्या लबाड्या पकडण्यात जिची उमर गेली, तिनं ती साधी गाडी काढून गयाबाईंच्या हातात दिली आणि सांगितलं, "आत्ता ही टांगा. तो यायच्या आत मी खरी शोधते, मग बदलून टाकू." फोडलेली गाडी मी माझ्याकडेच ठेवून घेतली. बिलाच्या पाठीमागे माझा नंबर लिहून दिला, त्यांचा घेतला. त्या जाताना वळून म्हणाल्या, "ताई, सापडंल ना व्हो?" मी म्हटलं, "सापडेल."

कशाची सापडते! मी हमीदभाईंना फोन केला. ते हसले. "भाभी, किधर निकलती मेरेकू मालूम रहता तो मैं थैली लेके कायकू फिरता?" पण माझा आवाज ऐकून चार दिवसांत जेवढ्या मिळाल्या तेवढ्या पेट्या त्यांनी आणून टाकल्या. मालक म्हणाले, "अहो, दिवाळीला एवढ्या गाड्या घेतंय कोण?" मी काहीतरी पुटपुटले आणि पेट्या फोडत राहिले. एकेक गाडी काढायची, चाकं बघायची. प्लास्टिक. प्लास्टिक. प्लास्टिक. एक रबरवाली निघालीसुद्धा, पण भलतीच, लाल रंगाची शर्यतीची गाडी. एरवी मी आनंदानं ओरडले असते. तेव्हा वाटलं, फेकून द्यावी.

घरी माझं चित्त नव्हतं. वरणात दोनदा मीठ पडलं. यजमान म्हणाले, "एका खेळण्यापायी?" मी सांगायचा प्रयत्न केला की खेळण्याचं नाही हो, त्या बाईचं तोंड तुम्ही बघितलं नाहीत. अमोल गाडी हातात घेईल त्या क्षणी ओळखणार, हे मला पक्कं माहीत होतं. आशा एवढीच की गाडी उंचावर आहे, महिनाभर तो खाली काढणार नाही.

अमोल परत यायच्या आदल्या दिवशी मी गयाबाईंना फोन लावला. त्या पिशोरहून बोलत होत्या. म्हणाल्या, "कापूस वेचायला माणूस मिळंना म्हून आले." मला तोंडघशी पाडून बाई गावाला निघून गेल्या म्हणून मी चिडले. फोन ठेवल्यावर मग डोक्यात आलं, त्या कापसासाठी गेल्याच नव्हत्या, अमोल यायच्या आत निघून गेल्या होत्या.

तो रविवार मला पाठ आहे. दातांचे डॉक्टर होते, एक इंजिनियर होता, आणखी तिघं-चौघं. अमोल आत शिरला. सरळ काउंटरपाशी आला आणि ती पिकअप माझ्यापुढे ठेवली.

"काकू, जरा बघून सांगता का?"

सगळे जवळ सरकले. ती गाडी सगळ्यांनाच ठाऊक होती. मी भिंग उचललं. भिंगाची काही गरज नव्हती, टायर तर नुसत्या डोळ्यांनी दिसत होते. पण मला तेवढा वेळ हवा होता. पुठ्ठा ट्यूबलाइटसमोर आडवा धरला. उगीचच.

"साधी आहे," मी म्हणाले.

"अन् मी नेली तेव्हा?"

खरं सांगितलं तर ती बाई उघडी पडणार होती, माझ्या भरवशावर गाडी घेऊन गेलेली बाई. आणि खोटं सांगितलं तर त्या रविवारांचं, त्या भिंगाचं, इतक्या वर्षांचं काय राहणार? मला शाळेतले ते सर आठवले.

"तेव्हाही साधीच असणार," मी म्हणाले. "माझी नजर चुकली. घाईत दिली मी तुला."

इंजिनियरनं आपल्या पिशवीतली एक गाडी, जी मी गेल्याच रविवारी खरी ठरवली होती, ती हळूच काढून बघितली. ते मला दिसलं आणि फार लागलं. डॉक्टर म्हणाले, "होतं हो काकू, वयानं होतं." मग दवाखान्याची आठवण होऊन ते गेले, आणि पाच-दहा मिनिटांत बाकीचेही पांगले. अमोल तिथंच उभा.

"काकू," तो म्हणाला, "ती गाडी मी घरी नेऊन शंभरदा पाह्यली होती. रबर होतं."

मी जाळीवरच्या गाड्या सारख्या करायला लागले.

"अन् तुमची चूक असती ना, तर तुम्ही पहिले माझ्याशी भांडल्या असत्या. असं कबूल केलं नसतं." मग तो म्हणाला, "आईनं काय केलं?"

ड्रॉवरमधून मी फोडलेली गाडी काढली आणि सगळं सांगितलं. खंडेनवमी, मानाची गाडी, काथ्या, कापूस वेचायला म्हणून गावी जाणं, सगळं. तो टपावरच्या कुंकवाच्या डागावरून अंगठा फिरवत ऐकत होता. शेवटी मी म्हटलं, "आणि रे, त्या सारखं पुठ्ठ्याचं का सांगत होत्या? पुठ्ठ्याला हात नाही लावला, हाय तसा हाय, असं तीनदा म्हणाल्या."

अमोल खाली बसला. त्याच स्टुलावर.

"मागं एकदा झाडताना तिच्या हातून एका पुठ्ठ्याचा कोपरा दुमडला होता," तो म्हणाला. "तर मी बोललो नव्हतो तिच्याशी."

"किती दिवस?"

"उन्हाळाभर."

मला त्याचा संताप आला. संताप आला आणि कीवही आली, कारण त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. तो म्हणाला, "मी कधी आवाज चढवला नाही काकू. शिवी नाही दिली. कुणालाही विचारा." आणि मग माझ्याकडे न बघता, "ती मला घाबरती व्हय?"

आयुष्यभर मी गाड्या बघून निकाल दिले, आणि प्रत्येक निकालानंतर घरी जाऊन घाबरले. तेव्हा मात्र क्षणभरही विचार करावा लागला नाही.

"हो," मी म्हणाले. "फार घाबरतात."

तो उठला. साधी पिकअप काउंटरवरच राहिली, हळद लागलेली त्यानं शर्टाच्या खिशात घातली. "कापूस कुठला," दारातून म्हणाला, "आमच्या रानात औंदा मका आहे." आणि मोटारसायकल काढून गेला.

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. आपण "फार" कशाला म्हणालो, नुसतं "हो" पुरलं असतं. रागात गेला असेल तर? तिथं जाऊन भावासमोर तिला काही बोलला तर? बोलला नाही, पुन्हा तसाच गप्प राहिला, तर? मालकांनी दोन गोष्टी विचारल्या, मी भलतीच उत्तरं दिली. फोन हातातून खाली ठेवला नाही.

दिवे लागायच्या सुमाराला वाजला. गयाबाई.

"ताई, आला व्हता त्यो."

"काय म्हणाला? रागावला का?"

"नाय."

"मग?"

त्या म्हणाल्या, "बोलतच नव्हता बाई. मह्या समोर नुसता बसून राह्यला. मला वाटलं, आता हा बी उन्हाळा गेला. मंग म्हणला, माय, त्या दिशी गाडीपुढं तू मागितलं काय?"

"काय मागितलं होतंत?"

"दुसरं काय मागणार व्हते," गयाबाई म्हणाल्या. "म्हणलं, ह्याला मह्यासंग बोलू दे."